दारं लावून वाजणारा फोनो

दिवाळी उरकली की आमच्या गावाला वास सुटतो. पंचगंगेच्या काठाकाठानं गुऱ्हाळं पेटतात, चुलवणात चिपाडं धडधडायला लागतात, काहिलीत रस आटायला लागतो आणि सकाळच्या धुक्यातून तो वास थेट माणसाच्या नाकातोंडात शिरतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो फार आवडतो. 'भाग्यवान बुवा तुम्ही कोल्हापूरकर' असं म्हणून ते छातीभर श्वास घेतात. घेऊ देत बिचारे. मी शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याच्या घरात जन्मले. त्या वासाला एक खालची बाजू असते, मळीची, करपलेली. ऊन चढलं की ती वर येते. लहानपणी ती मला कळत नसे. आता हिवाळ्यात आधी तीच जाणवते आणि दिवसभर घशात बसून राहते.

यंदाही तसंच चाललं होतं. सासूबाई आणि मी गच्चीवर उन्हाला बसून शेंगा निवडत होतो. सासूबाईंचं वय झालंय, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण बोटं आणि कान अजून तिखट आहेत. शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मोठ्यानं चालू होता. त्याचे सेल उतरले असावेत. गाणारी बाई हळूहळू जड होत गेली, तिचा आवाज पुरुषासारखा झाला आणि शेवटी नुसतं गुरगुरणं उरलं. मला हसू आलं. सासूबाई मात्र मान वर न करता म्हणाल्या, "चावी द्या म्हणावं त्येला. दमलंय ते."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. टेपरेकॉर्डरला चावी नसते हे त्यांना ठाऊक आहे. चावी असते ती फोनोला. त्यानंतर त्या जे बोलल्या ते सांगायलाच मी बसले आहे. पण ते कळायला आमच्या माहेरच्या माडीवरचा फोनो आधी माहीत हवा.

आता त्याला 'अँटिक' म्हणतात, काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं जपून नाव घेतात. आमच्या घरात तो नुसता फोनो होता. उंची माणसाच्या छातीपर्यंत, रंग गडद तांबूस. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात लुगडी ठेवत असतील असं वाटायचं. वरचं झाकण उचललं की आत हिरव्या मखमलीची फिरती तबकडी, उजव्या अंगाला चावीचा दांडा. समोर दोन बुटकी दारं. ती उघडली की जाळीदार कापड आणि त्याच्या मागं, कपाटाच्या पोटातच, लाकडाचा भोंगा. त्याखाली रेकॉर्डी उभ्या ठेवायचा कप्पा.

पहिले फोनो उघड्या भोंग्याचे होते. चित्रांत दिसतात ते तेच. पण दिवाणखान्यात तो भोंगा लोकांना खुपायला लागला. त्यात धूळ बसे, येताजाता पदर अडके. मग विलायतेतल्या कारखानदारांनी तो दुमडून कपाटाच्या पोटात घातला आणि पुढं दारं बसवली. आवाज मोठा हवा तर दारं उघडायची, लहान हवा तर लोटायची. आवाज कमीजास्त करायची याहून सोपी सोय त्यात नव्हती. संस्थानांच्या काळात असली कपाटं सरदारांच्या आणि चार पैसे बाळगून असलेल्या व्यापाऱ्यांच्या घरी पोचली. पुढं रेडिओ आला आणि या कपाटांचे दिवस फिरले. कुणी त्यांची पोटं फाडून आत रेडिओ बसवला, कुणी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, कुणी सरळ बंबात घातली. त्यामुळं अंगानं धड राहिलेला असा फोनो दुर्मीळ झाला, आणि दुर्मीळ झाला म्हणून शौकीन लोक त्याच्या शोधात गावोगाव हिंडायला लागले. हे सगळं मला फार उशिरा, वाचून कळलं. तेव्हा तो आत्तीचा फोनो होता, बस्स.

आत्ती म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. चंपा तिचं नाव. तिच्या लग्नात आमच्या आज्जानं हा फोनो मुंबईहून मागवला होता. आमच्या भागात लेकीला द्यायच्या भांड्यांवर नावं घालायची रीत आहे. लग्नाआधी नाव घालणारा बाहेरच्या सोप्यावर, ओसरीत, येऊन बसतो आणि छिन्नीनं ठिपके ठोकत घागरीपासून पळीपर्यंत सगळ्यांवर नाव घालतो. भांडी संपली तशी आज्जा म्हणाला, फोनोवर बी घाल की. लाकडावर ठिपके उठेनात. झाकणाच्या आत मात्र चार स्क्रूंनी बसवलेली एक पितळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत कसली अक्षरं नि आकडे होते, पण ते कुणाला वाचायचे होते? त्यानं त्यांच्यावरच टक टक करत 'चि. सौ. कां. चंपा हिस' असं घातलं, खाली आज्जाचं नाव घातलं आणि पट्टी भरून टाकली. आण्णा सांगायचे, सगळ्या भांड्यांत त्या पट्टीवरचं नाव सुबक आलं होतं.

हुपरीकडच्या एका गावात, आमच्यातल्याच मोठ्या शेतकरी घरात तिला दिलं होतं. काही वर्षांनी, असल्याच गुऱ्हाळाच्या दिवसांत, एक बैलगाडी आमच्या दारात येऊन थांबली. गाडीत कडब्यावर आडवा घातलेला फोनो होता. गाडीवान म्हणाला, "ठेवायला जागा न्हाई म्हणून धाडलाय मालकानी." एवढ्या मोठ्या घरात एका कपाटाला जागा नाही, याचा अर्थ आज्जाला तिथंच उंबऱ्यावर कळला. तो म्हणे गाडीवानाला पाणीसुद्धा विचारायला विसरला. मग थोड्या दिवसांनी आत्ती आली, एका गाठोड्यासह. मी तेव्हा रांगत होते. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर कोड उठलं होतं. पुढं ते मनगटावर चढलं, मग ओठाच्या कोपऱ्यात आलं. तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. तिच्या जागी बाई आली आणि फोनोच्या जागी काय आलं ते आम्हाला कळलं नाही.

कोडानं माणूस मरत नाही, दुसऱ्याला लागतही नाही. डॉक्टर तेव्हाही हेच सांगायचे. आण्णा मान डोलवून ऐकायचे आणि घरी येऊन माडीचं दार लोटून घ्यायचे. ते दुष्ट नव्हते. आत्तीला आवडतो म्हणून वसुलीला आजऱ्याकडं गेले की काजू आणायचे, तिचं दुखलंखुपलं बघायचे, ताटात पहिली पोळी तिला वाढायला लावायचे. पण ते ताट वर जायचं. खाली अडतीवर माणसांची ये-जा, शेतकरी यायचे, दलाल यायचे; आणि खालच्या खोलीत मी वाढत होते. मी मोठी व्हायला लागले तशी आत्ती आणखी आणखी वर राहायला लागली. तिला कुणी 'खाली येऊ नको' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणावं लागलंच नाही, हे त्याहून वाईट.

वर तिला फोनो होता. हातावर मोजता येतील एवढ्या रेकॉर्डी. भजनं, काही नाटकांतली पदं, एक कानडी रेकॉर्ड, तिच्यातलं आम्हाला अर्धंच कळायचं. ती दिवसाउजेडी वाजवायची, पण दारं लावून. दारं लावली की आवाज कपाटाच्या पोटातच घुमायचा आणि फटींतून पाझरल्यासारखा बाहेर यायचा. बाजारातल्या पिना मिळेनाशा झाल्या तेव्हा ती बाभळीचा काटा घासून लावायला शिकली. काट्यानं आवाज आणखी मऊ झाला. मी शेजारी बसून कपाटाच्या दाराला कान लावायची. आत दूरवर कुठंतरी एक बाई गात असायची आणि बाहेर आत्ती चावीच्या दांड्यावर हात ठेवून बसलेली असायची, कारण गाणं मध्येच दमायचं. विशेषतः हिवाळ्यात. आतल्या स्प्रिंगांचं ग्रीस थंडीनं घट्ट होतं, फिरकी जड होते, आणि अंतरा संपायच्या आत आवाज खाली खाली बसायला लागतो. मग आत्ती चालत्या गाण्यात चार वेढे द्यायची आणि आतली बाई पुन्हा उठून उभी राहायची. "थंडी लई हाय आज, त्येला बी सोसंना," असं म्हणायची. बाकी ती फार बोलायची नाही.

हिवाळ्यात सगळं गाव उन्हाला बसतं. बायका अंगणात वाळवणं घालतात, म्हातारी माणसं पाठ शेकत भिंतीला टेकतात. आत्ती खिडकीच्या आतून बघायची. माझ्या मनात तिचं चित्र उभं राहतं ते असं: खिडकीतून उन्हाचा तुकडा आत आलाय, तो तिच्या पायापर्यंत पोचतो, ती पाय मागं घेते.

मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मला बघायला पाहुणे यायला लागले. आमच्यात हे दिवस हिवाळ्यातच येतात. ऊस तुटतो, गूळ निघतो, हातात पैसा असतो, माणसं प्रवासाला मोकळी असतात. दोन घरांनी काही न कळवता विषय सोडून दिला. आई म्हणाली, कुणीतरी वरचं सांगितलं असणार. 'वरचं' म्हणजे आत्ती. आमच्या घरात तिचं हेच नाव पडलं होतं. एका घराण्यात कोड आहे असं कळलं की त्या घरच्या लेकीला कोण करून घेणार? तेव्हा सगळे असंच म्हणायचे. आजही म्हणतात, फक्त दार लावून म्हणतात.

तिसरं स्थळ आलं ते राजारामपुरीतलं. मुलगा शिरोलीला नव्यानंच निघालेल्या एका फौंड्रीत इंजिनिअर. आज मी ज्यांना सासूबाई म्हणते त्या, त्यांचे थोरले दीर आणि मुलगा, एवढीच माणसं. आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. आत्तीला वर काजू घातलेला शिरा गेला होता आणि जिन्याचं दार बाहेरून नुसतं लोटलेलं होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा गाणं सुरू होतं. तिनं का लावलं असेल? मी नंतर पुष्कळ विचार केला. तिला वाटलं असेल पाहुणे गेले. किंवा मला बघायला येतात त्या दिवशी आपण काहीतरी वाजवावं, एवढंच वाटलं असेल. दारं लावलेली, बाभळीचा काटा. आवाज इतका कमी की अडतीवर गलका असता तर ऐकूही आला नसता. पण त्या घटकेला सगळे मला बघत गप्प बसले होते. सासूबाईंनी मान तिरकी केली.

"कुठं वाजतंय ओ हे? गोड हाय की आवाज."

आण्णांचा चेहरा बघवत नव्हता. ते पटकन म्हणाले, "शेजारचा रेडिओ हाय. सारखा लावत्यात."

तेवढ्यात गाणं दमायला लागलं. तो आवाज खाली बसला, ओढत ओढत चालला, आणि मग वर कुणीतरी चावी दिली तसा चढत गेला. मी ट्रे धरून उभी होते. सासूबाई माझ्याकडं न बघता छताकडं बघत होत्या. "व्हय," असं म्हणाल्या आणि कप उचलला. मुलाचे काका उसाच्या दराबद्दल बोलायला लागले आणि आण्णा इतके मन लावून ऐकायला लागले की जणू तो विषय त्यांना नवाच होता.

पाहुणे गेल्यावर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. आई जिन्याच्या पायरीवर बसून रडली. आण्णा वर गेले. मी त्यांच्या मागं गेले. आत्ती कपाटाला टेकून उभी होती. खालचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"दादा, मी न्हाई वाजवणार आता," ती म्हणाली.

"वस्तू घरात हाय तवर हात जाणारच की गं," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "त्येंचा होकार येईल असं वाटतंय. परत येतील, दहा जणं घेऊन येतील. एकदा निभावलं. पोरीचं होऊ दे एवढं."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग दिऊन टाक कुणाला तरी."

मला इतका राग आला होता की त्या दोघांपैकी कुणाचा जास्त येतोय हे मला ठरवता येईना. मी म्हटलं, मला नको असलं लग्न. आण्णा म्हणाले, "तू गप." आत्तीही म्हणाली, "तू गप गं." त्या घरात त्या दोघांचं एकमत व्हायला हा विषय सापडला.

मुंबईचे एक गृहस्थ अशा जुन्या वस्तूंसाठी कोल्हापुरात येऊन राहिले होते. भंगारवाल्यांकडून त्यांना आमच्याकडच्या फोनोचा सुगावा आधीच लागला होता. आण्णांनी एकदा त्यांना परतही पाठवलं होतं. आता निरोप धाडला आणि ते धावत आले. वर, माडीवर. मला आठवतंय तसं, इतक्या वर्षांत त्या खोलीत शिरलेला तो पहिला परका माणूस. आत्ती पदर ओढून कोपऱ्यात सरकली. त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही. ते सरळ फोनोपुढं जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांच्या तोंडून एक मोठा श्वास सुटला.

"पॉलिश नाही ना केलंय कधी?"

आण्णा वरमले. "करून घेतो की पाहिजे तर. उद्याच्या उद्या."

"छे छे! हात लावू नका." त्यांनी मग समजावून सांगितलं. लोक पाहुणे येणार म्हणून घासूनपुसून, रंग चढवून वस्तू चकचकीत करून ठेवतात आणि तिथंच तिची किंमत जाते. ओरखडे चालतात. डाग चालतात. मूळचं अंग पाहिजे. पिन बसवायचा साउंडबॉक्स मूळचा पाहिजे, जाळीचं कापड मूळचं पाहिजे, चावीचा दांडासुद्धा त्याच मशीनचा पाहिजे. ते एकेक वस्तू हातात घेऊन बघत होते, आजाऱ्याला तपासावं तसे. साउंडबॉक्सला लावलेला काटा बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" आत्तीनं कोपऱ्यातून हात पुढं केला, घासलेल्या काट्यांची डबी त्यांच्यापुढं धरली. पांढरी पडलेली बोटं त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी त्यातला एक काटा उचलला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "वा!" बोटांबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. आत्तीचा हात किती तरी वेळ तसाच पुढं राहिला होता.

मग त्यांनी समोरची दारं उघडली आणि ते थबकले. बाहेरचं लाकूड खिडकीच्या उन्हानं फिकटलं होतं. आतली बाजू मात्र दुकानातून कालच आणल्यासारखी गडद, तुकतुकीत होती. कापडाचा रंगही जसाच्या तसा.

"हे दारं उघडून वाजवलंच नाही का तुम्ही?"

"न्हाई," आत्ती म्हणाली. "हितं दारं लावूनच वाजवत्यात."

"कमाल आहे. आतली अशी बाजू मी कुठल्याच घरात पाहिली नाही. हेच तर याचं मोल आहे, बाई." ते मनापासून खूश झाले होते. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. मी मात्र ते वाक्य अजून पचवू शकलेले नाही. आमच्या घरानं एका बाईला जितकं दडपून ठेवलं, तितकी त्या लाकडाची किंमत चढत गेली होती.

झाकण उघडून पट्टी बघितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. या पट्टीवर मॉडेल असतं, नंबर असतो. त्यावरून मशीन कुठलं, कधीचं ते सिद्ध होतं. तिथं 'चि. सौ. कां. चंपा हिस' होतं. "कुणी ठोकलं हे नाव? सगळं घालवलं." मग स्वतःशीच म्हणाले, एका मोडक्या मशीनची पट्टी आपल्याकडं आहे, ती बसवता येईल. आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी तिथंच चार स्क्रू सोडवले.

"ती मला द्या," आत्ती म्हणाली.

त्यांनी पट्टी तिच्या हातावर ठेवली. चार माणसांनी फोनो जिन्यावरून उतरवला. दुपारची वेळ होती, अडतीवर गुळाच्या ढेपा उतरत होत्या, सगळीकडं चिकट घाम आणि गांधीलमाश्या. बघणाऱ्यांना वाटलं असेल, जुनं कपाट चाललंय. आत्ती जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आली. पुढं आली नाही.

सुपारी फोडायला पाहुणे आले ते खरंच दहा-बारा जण. वर कसलाही आवाज नव्हता. आत्तीनं जिन्याच्या दाराला आतून कडी घातली होती. बोलणी झाली, पेढे वाटले, मला हिरवं पातळ दिलं. निघता निघता सासूबाई आण्णांना म्हणाल्या, "तुमच्या शेजारचा रेडिओ आज गप का ओ?"

आण्णा हसले. म्हणाले, "इकला जणू त्येंनी."

क्षणभर सासूबाईंनी छताकडं बघितलं आणि चपला घातल्या.

माझं लग्न कार्यालयात झालं. घराला कुणीतरी राखण पाहिजे म्हणून आत्ती घरी राहिली. मी वर जाऊन तिच्या पाया पडले तेव्हा भिंतीलगत, फोनोच्या जागी, फरशीचा एक चौकोन नवाकोरा दिसत होता. तिनं तिथं काही ठेवलं नव्हतं. नंतरही कधी ठेवलं नाही. मी माहेरी गेले की वर जाऊन बसायची. ती चौकोनाच्या शेजारी, पूर्वीच्याच जागी बसलेली असायची. मी तिला छोटा ट्रान्झिस्टर नेऊन दिला. तिनं तो उशाशी ठेवला, पण सेल संपल्यावर नवे मागितले नाहीत. "सासरी काय बोलू नगंस हितलं," एवढं मात्र दर वेळी सांगायची. आण्णाही सांगायचे. पुढं एका हिवाळ्यात ती गेली. न्युमोनिया झाला होता. सासरी मी आईला बरं नाही एवढंच सांगून गेले होते. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, का झाला ते मी आण्णांना विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. दवाखाना म्हणजे चारचौघांत जिना उतरणं. तिच्या उशीखाली ती पितळी पट्टी निघाली. आईनं ती भांड्यांत टाकायच्या आत मी उचलली.

अलीकडं मुंबईला गेले होते तेव्हा त्या गृहस्थांचा पत्ता काढून मी त्यांच्या घरी गेले. म्हातारे झालेत, पण ओळख पटताच आनंदले. फोनो दिवाणखान्यात मधोमध होता. नवी पट्टी बसली होती. जुनीच, पण याला नवी. सगळे भाग मूळचे, असं ते पाहुण्यांना सांगतात. त्यांनी चावी भरली, पोलादी पिन लावली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

मी दचकले. इतका मोठा आवाज होता त्याला! छातीवर येऊन आदळणारा, सगळी खोली भरून खिडकीबाहेर जाणारा. जन्मभर मी तो कान लावून ऐकला होता. मला वाटायचं, तो तेवढाच आहे. आत्तीलाही तसंच वाटत असेल का? तिनं माहेरून सासरी नेला तेव्हा पहिले काही महिने तरी दारं उघडून वाजवला असेल का? विचारायला कुणी उरलेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, बंद करा. त्यांना वाटलं मला रडू आलं ते आनंदानं.

तर यंदाची ही गच्ची. शेंगा, ऊन, मळीचा वास. टेपरेकॉर्डर गुरगुरून बंद पडलेला, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, चावी द्या म्हणावं.

मी म्हटलं, "टेपला कसली चावी?"

"मला म्हाईत हाय. चावी लागायची ती तुझ्या बानं सांगितलेल्या रेडिओला." त्या गालात हसल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखं 'आलो-गेलो' बोलतात, तशाच त्या बोलत होत्या. "रेडिओ कधी गाताना दमतोय व्हय गं? तुला बघाया आलो हुतो तवाच वळखलं मी, फोनो हाय. आन फोनो हाय म्हणजे चावी द्याया माणूस हाय. दुसऱ्या दिशी शाहूपुरीतच इचारलं एकीला. तिनं सांगितलं, अडत्याची भन हाय म्हणून वर, हातावर कोड हाय."

"तुम्हाला माहीत होतं? तरी होकार दिलात?"

"का न्हाई द्यायचा? माझ्या थोरल्या जावेला हुतं की कोड, तू यायच्या आधीच गेली ती. तिच्या हातचं खाऊन माझी पोरं मोठी झाली." त्यांनी शेंगांचं सूप झटकलं. "सुपारीला आलो तवा मनात हुतं, त्या बाईला खाली बोलवा म्हणावं, माझ्या शेजारी बसवावं. म्हणूनच रेडिओ गप का म्हणून इचारलं. म्हटलं, आता तरी तुझा बा खरं बोलंल. तर म्हणाला, इकला. मग समजलो मी, गेली बिचारी मधल्या दिसांत. माणूस वर जित्तं असताना त्येचा फोनो कोण इकतंय? म्हटलं, दुःख झाकून कार्य करत्यात, आपण कशाला उकरा. म्हणून कधी तुला बी इचारलं न्हाई."

गुऱ्हाळाचा वास आता चांगलाच चढला होता. खाली शेजाऱ्यांनी नवे सेल घातले असावेत. गाणं पुन्हा टणक आवाजात सुरू झालं.

"ती जिवंत होती," मी म्हटलं. "तुम्ही खाली बसला होता तेव्हा ती वरच होती, आतून कडी लावून. माझ्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं होती."

सासूबाईंचे हात थांबले. मोतीबिंदूनं धुरकटलेले डोळे त्यांनी माझ्याकडं वळवले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी मी मान फिरवली.

"मग इकला कशापायी गं?"

"तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.